उजवं खाली जातंय

पहारेकऱ्याने फोनवर माझे नाव विचारले नाही. "तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ ना?" एवढेच विचारले, आणि मी होकार देण्याआधीच सांगू लागला, की तुमचे मोठे भाऊ आमच्या इमारतीच्या लिफ्टमधून उतरायला तयार नाहीत. "तास होऊन गेला साहेब. वर जातात, खाली येतात, मजल्यामजल्याला थांबवतात. भांडण नाही, आरडाओरडा नाही, कपडेसुद्धा नीटनेटके आहेत. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाई घाबरल्यात." माझा नंबर कुणी दिला, असे मी विचारले. "त्यांनीच दिला की. मी म्हटलं, काका, घरी कुणाला कळवू का, तर म्हणाले, माझ्या भावाला कळवा, त्याला सगळं बरोबर माहीत असतं." हे वाक्य त्याने जसेच्या तसे, कोणताही हेतू न ठेवता, पार्सल पोचवावे तसे माझ्यापर्यंत पोचवले आणि पत्ता सांगितला. मी फोन ठेवला तेव्हा माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना गोंद लागलेला होता आणि ती एकमेकांना चिकटू लागली होती. गोंद वाळायच्या आत बोटे सोडवायची असतात. मी ती सोडवली नाहीत, कारण मला संताप आला होता. आणि ज्याच्यावर संतापायचे तो समोर नाही, या गोष्टीचाच माणसाला पहिल्यांदा संताप येतो.

समोर जेवणाच्या टेबलावर विमानाचा पंख उताणा पडला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या एका एकआसनी लढाऊ विमानाची ही फोमची प्रतिकृती, पंखांची लांबी सव्वा मीटर, वजन सव्वा किलो. जमिनीवर उभे राहून हातातल्या ट्रान्समीटरने ती उडवायची. मूळ विमानाने किती माणसे मारली याची नोंद उपलब्ध आहे. माझ्या विमानाने आजवर एक कावळा दचकवला आहे. तरी नाकाशेजारी शत्रूची विमाने पाडल्याच्या अकरा खुणा खोक्यातूनच चिकटवून आल्या होत्या, म्हणजे उड्डाणापूर्वीच, कारखान्यातच, ते अकरा वेळा विजयी झाले होते. युद्धाच्या गौरवीकरणावर मी दोन प्रदीर्घ निबंध लिहिले आहेत, आणि त्यांतल्या दुसऱ्यात, खेळण्यांच्या रूपाने हिंसा घरात कशी शिरते याविषयी चार पाने आहेत, ती मी या विमानाचे शेपूट वाळत असताना तपासली होती. यातली विसंगती मला कुणी दाखवून देण्याची गरज नाही; मी ती स्वतःच्या खर्चाने बाळगलेली आहे. शहराबाहेरच्या एका गवताळ मैदानावर दर रविवारी पंधरा प्रौढ गृहस्थ जमतात, चुन्याने आखलेल्या रेषेमागे मान वर करून उभे राहतात, आणि ज्या वस्तू वारा सुटला की घरातच ठेवाव्यात त्या वाऱ्यात सोडतात. मग त्या पडतात. मग आठवडाभर त्या चिकटवायच्या. दबलेला फोम उकळत्या पाण्यात धरला की फुगून पुन्हा आकाराला येतो, तुटलेल्या जागी कार्बनची काडी घालायची, टाचणीने धरून ठेवायचे, वरून टेप. प्रत्येक दुरुस्तीने विमान थोडे जड होते, जड झाले की वेगाने उडवावे लागते, वेगाने उडवले की जोरात आपटते. हा छंद मला दादाने लावला. निवृत्तीनंतर सहाव्या महिन्यात तो एक लांबट खोके घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तू उडव. मी बघतो." 'बघतो' हा त्याचा धंदाच होता. चौतीस वर्षे तो लिफ्ट तपासनीस होता.

"कुणाचा फोन?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले. मी सांगितले. ती हात पुसत बाहेर आली, टेबलावरच्या पंखाकडे पाहिले, त्या पंखावर मंगळवारी लावलेल्या करड्या टेपच्या नव्या पट्टीकडे पाहिले, आणि म्हणाली, "अजून सांगितलं नाहीत ना त्यांना?" मी म्हणालो, की मी योग्य वेळेची वाट पाहत होतो. "दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातली चूक असती," ती म्हणाली, "तर एव्हाना छापून आली असती." बत्तीस वर्षांच्या सहवासात तिने माझे एकही परीक्षण वाचलेले नाही, तिला त्यांचे सार माहीत आहे. विद्यार्थी मला पाठीमागे 'शुद्धिपत्र' म्हणतात. जुन्या हस्तलिखितांच्या चिकित्सक आवृत्त्या सिद्ध करणे आणि इतरांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्या उद्ध्वस्त करणे, हे माझे काम. त्यात माझ्याइतका अचूक मनुष्य सध्या हयात नाही, असे माझे शत्रूही मानतात, आणि मित्रांचे मत विचारण्याइतके मित्र मला नाहीत. "बोटं सोडवा आधी," ती म्हणाली. "तशीच जाणार का?" मी तसाच गेलो.

टॅक्सीत मागच्या सीटवर बसून मी ती दोन बोटे अंगठ्याने खरवडत राहिलो आणि घटना पुन्हा क्रमाने लावू लागलो, जशी मी चार दिवस लावत होतो. क्रम बदलत नव्हता. पंखाच्या मागच्या काठाला दोन्ही बाजूंस एकेक हलती पट्टी असते. ट्रान्समीटरची दांडी उजवीकडे नेली की उजवी पट्टी वर जाते, डावी खाली, आणि विमान उजवीकडे कलते. पट्ट्या हलवणारी काडेपेटीहून लहान मोटर महिन्यापूर्वी जळाली. "माझ्याकडे दे," दादा म्हणाला होता, "आठ दिवसांत करून देतो." आठ दिवस. त्याला प्रत्येक गोष्टीला आठ दिवस लागतात, कारण तो गोंद चोवीस तास वाळू देतो, मग त्यावर नखाने टकटक करतो, मग पुन्हा चोवीस तास थांबतो. लहानपणी शाळेला जाताना तो कुलूप तीनदा ओढून पाही, दहा पावलांवरून परत येऊन चौथ्यांदा ओढी, आणि मी फाटकाशी उभा राहून पाय आपटीत असे. मी म्हणालो, राहू दे, मी करतो. एका संध्याकाळी केली. मोटर पंखाच्या पोटाकडून बसवायची असते म्हणून पंख उताणा, दिवा माझ्या बाजूला म्हणून पंखाचा पुढचा काठ माझ्या छातीकडे. दांडी उजवीकडे नेली. उजव्या हाताची पट्टी खाली गेली. पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते: वर जावी. त्या क्षणी मी जे केले ते तीस वर्षे इतरांच्या ग्रंथांना करीत आलो आहे: समोरचा पाठ भ्रष्ट आहे असे गृहीत धरले आणि तो दुरुस्त केला. ट्रान्समीटरमध्ये दिशा पालटण्याची सोय असते. मी दिशा पालटली. मग सवयीने, म्हणजे अहंकाराने, पंखाच्या पोटावर मार्करने टीप लिहिली, खाली तारीख घातली आणि वरून करडी टेप लावून टाकली. उताण्या पंखाचे खाली म्हणजेच विमानाचे वर असते, हे मला त्या संध्याकाळी सुचले नाही. कोणत्याही पोराला सुचले असते. दादाला तर झोपेत सुचले असते.

मैदानावर एक रिवाज आहे, आणि तो एकुलता एक रिवाज आहे ज्याची मी टिंगल करीत नाही. दुरुस्त केलेले विमान हवेत सोडण्यापूर्वी दुसऱ्या कुणीतरी विमानाच्या शेपटामागे उभे राहून पाहायचे आणि मोठ्याने पुकारायचे: उजवं वर, डावं खाली, डावं वर, उजवं खाली. शेवटी 'हो'. या माणसाला पुकाऱ्या म्हणतात. दुरुस्ती कुणीही केलेली असो, 'हो' म्हटल्यावर जबाबदारी पुकाऱ्याची, आणि चुकीचा 'हो' म्हणणारा वर्षभर रेषेबाहेर. त्या वर्षात त्याने कुणाच्या विमानाला हात लावायचा नाही. माझा पुकाऱ्या दादा. त्या रविवारी, तेरा दिवसांपूर्वी, तो विमान धरून उभा होता, मी दांडी हलवली, आणि तो पाहत राहिला. पाहत राहिला. वारा बाजूला वळत होता, मागे चारजण आपापली विमाने घेऊन खोळंबले होते. मग तो म्हणाला, "उजवं खाली जातंय रे. थांब." हे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. त्यांचा अर्थ मात्र माझ्यापर्यंत आला नाही, कारण मी अर्थासाठी ऐकतच नव्हतो. मला फक्त ते संपायला हवे होते. "दादा," मी म्हणालो, "हो की नाही, एवढंच सांग." त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पट्टीकडे. तो गोंधळला. सगळ्या आयुष्यात मी त्याच्याकडे ज्या चेहऱ्याने पाहत आलो त्या चेहऱ्याने तेव्हाही पाहत असणार. "हो," तो म्हणाला, आणि त्याने विमान फेकले.

विमान हातातून सुटताच किंचित डावीकडे कलले. तसे ते नेहमीच कलते. मी उजवी दिली. ते आणखी डावीकडे कलले. मी आणखी उजवी दिली. हे सांगायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात ते उलटे होऊन खाली आले आणि घडीच्या एका खुर्चीच्या कापडातून आरपार गेले. त्या खुर्चीवर मिनिटभरापूर्वी मैदानप्रमुखाची बायको बसली होती; ती पाण्याची बाटली आणायला उठली होती. मैदानप्रमुख धंद्याने दंतवैद्य आहे, मैदानावर त्याला कमांडर म्हणतात आणि त्याला ते आवडते. तो खुर्चीपाशी गेला, फाटलेल्या कापडातून हात घालून पाहिला, आणि परत येऊन शांतपणे विचारले, "पुकारा कुणाचा?" दादा म्हणाला, "माझा." "दोन्ही बाजू पाहिल्यात?" "पाहिल्या असणार." "असणार म्हणजे?" दादाने माझ्याकडे पाहिले. मी पंख उचलत होतो. मोटर हवेत बंद पडली असावी, असे माझे त्या वेळी प्रामाणिक मत होते. दादा म्हणाला, "मी हो म्हणालो. माझंच चुकलं." कमांडर म्हणाला, "मग वर्षभर रेषेबाहेर, काका. वाईट वाटून घेऊ नका, उद्या मी असतो तरी हेच." दादाने मान हलवली. त्याने वाद घातला असता तर मला बरे वाटले असते. त्याच्या मान हलवण्याचासुद्धा मला राग आला.

पण मुख्य गोष्ट मैदानावर झालीच नाही. ती परतताना गाडीत झाली. गाडी दादाच चालवत होता, नेहमीसारखी, प्रत्येक कोपऱ्यावर दोन्हीकडे दोनदा पाहत. तो म्हणाला, "एक विचारू का? हो म्हणायच्या आधी मी काही बोललो होतो का रे? म्हणजे मला असं आठवतंय, की मी म्हणालो, उजवं खाली जातंय." मांडीवर तुटलेला पंख, फोमचे मणी पँटला चिकटलेले, आणि हा मनुष्य अजून त्याच क्षणाशी घुटमळतो आहे. मी म्हणालो, "नाही. तू हो म्हणालास." "नक्की?" "दादा, मी तिथेच उभा होतो." पुढच्या कोपऱ्यावर त्याने दोन्हीकडे तीनदा पाहिले. मी खोटे बोललो असे मला वाटलेही नाही. मी फक्त एक कंटाळवाणा विषय बंद केला होता. विद्वानांच्या सभेत मी असे शेकडो विषय बंद केले आहेत.

पुढच्या बुधवारी त्याने गाडीची किल्ली माझ्याकडे आणून दिली. "तुझ्याकडे असू दे," म्हणाला. मग रोज संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला: काल मी तुला फोन केला होता का? केला होतास. काय बोललो? हेच बोललास. नक्की? दूरगावी असलेल्या पुतणीने मला कळवळून सांगितले, की काका, बाबा म्हणतात मला न घडलेल्या गोष्टी आठवायला लागल्यात, डॉक्टरकडे न्या. मी नेतो म्हणालो. मंगळवारी पंख दुरुस्तीला घेतला, जुनी टेप सोलली, आणि माझ्याच अक्षरातली टीप मला वाचावी लागली. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकूचे, म्हणजे पोथी उतरवून काढणाऱ्याचे, अक्षर मी दुरून ओळखतो. हे ओळखायला मला तेवढासुद्धा वेळ लागला नाही. तरी मी तासभर पर्याय शोधले. टीप लिहिली ती बरोबर असेल आणि बिघाड नंतर झाला असेल. ट्रान्समीटरची स्मृती आपोआप बदलली असेल. प्रत्येक पर्याय मी मांडला आणि प्रत्येक मी खोडला, निर्दयपणे, कारण त्या कलेत मी तरबेज आहे. उरले एवढेच: पट्ट्यांची दिशा मीच उलटी केली होती, दादाने ते पाहिले होते, पाहून तोंडाने सांगितले होते, आणि मी त्याला पटवले होते की त्याने ते सांगितलेच नाही. त्याची स्मरणशक्ती बरोबर होती. ती बरोबर आहे हे जगात एकट्या मला माहीत होते. मी त्या टिपेवर नवी टेप लावली.

इमारत सात मजल्यांची, चाळीस वर्षांपूर्वीची, आधुनिक दिसण्यासाठी नुकतीच काचेने मढवलेली. पहारेकरी दारातच वाट पाहत होता. "आता पाचव्यावर आहेत," त्याने लिफ्टच्या आकड्यांकडे बोट दाखवले. "मी एकदा आत गेलो समजवायला, तर मलाच समजावून सांगितलं, की आग लागली तर काय करायचं. चांगला माणूस आहे हो. पण बाई म्हणतात, हा आमच्या मजल्यावर काय बघतो." तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तळमजल्यावर भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि जिन्याने जायला तयार नव्हत्या. "तुमचे कोण?" त्यांनी विचारले. भाऊ, म्हणालो. "लक्ष ठेवत जा ना मग," त्या म्हणाल्या. लिफ्ट खाली आली, दार उघडले. दादा इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन, हातात छोटी वही, दरवाजाच्या खाचेकडे पाहत उभा होता. तेरा दिवसांत तो खांद्यांत लहान झाला होता.

"आलास?" तो म्हणाला. "पाय जपून टाक. अर्धं बोट खाली थांबते." मी आत शिरलो. बाई बाहेरच राहिल्या. दार बंद झाले.

"दादा, घरी चल."

"सहावा राहिलाय."

"तू निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. ही बघ सही, कुणा दुसऱ्याची आहे." भिंतीवर काचेत तपासणीचे प्रमाणपत्र होते.

"ही त्याची. तो यायच्या आधीच्या नऊ माझ्या." त्याने सहाव्याचे बटण दाबले. "मला आठवतं, या लिफ्टच्या खड्ड्यात मी दरवर्षी उतरलो होतो. पाणी साचायचं इथे. गुडघ्यापर्यंत बूट घालून उतरायचो. मला बुटांचा रंगसुद्धा आठवतो. पण आता ते झालं असेलच असं नाही ना. नुसता वरून बघून हो म्हणून गेलो असेन आणि बूट मागाहून मनाने घातले असतील. तशा इमारती मी वहीत काढल्या, एकशे बारा आहेत. रोज चार केल्या तर महिन्यात होतील." त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, वेळापत्रकाच्या सुरात सांगितले. मला लिफ्टची भिंत बडवावीशी वाटली, ओरडावेसे वाटले, आणि एका शांत कोपऱ्यात माझ्या बुद्धीला त्याच्या युक्तिवादात दोष सापडत नव्हता. एक आठवण खोटी निघाली तर बाकीच्यांची हमी कुणी द्यायची? हीच पद्धत मी शिकवतो. एका पानावर लेखकूने स्वतः होऊन ओळ घातली असे सिद्ध झाले, की सगळी पोथी संशयित.

"तू म्हणाला होतास," मी म्हणालो.

"काय?"

"त्या दिवशी मैदानावर. उजवं खाली जातंय रे, थांब. असं म्हणाला होतास तू."

लिफ्ट सहाव्यावर थांबली, दार उघडले, रिकाम्या व्हरांड्यात एक सायकल उभी होती. दादाने खाचेकडे पाहिले नाही. दार पुन्हा बंद झाले. "समजूत काढू नकोस माझी," तो म्हणाला.

"मी आजवर कुणाची समजूत काढली आहे का?"

त्याने खरोखर विचार केला. "नाही. तुला ते जमत नाही."

"मग?"

"म्हणून तर धसका बसतोय. तुझ्यावरसुद्धा समजूत काढायची पाळी आली म्हणजे माझं बरंच बिघडलेलं असणार. डॉक्टरांशी बोललास का परस्पर?"

हे मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नव्हते: जन्मभर कुणाशी दयेने न वागण्याचा दंड असा, की सत्य सांगावे तर ते दया म्हणून नाकारले जाते. मी कबुली देत होतो आणि तो तिला औषध समजत होता. "दादा, ऐक," मी म्हणालो, आणि माझा आवाज त्या पत्र्याच्या खोक्यात नको इतका मोठा झाला. "मोटर मी बसवली. पंख टेबलावर उताणा होता. पुढचा काठ माझ्याकडे. दांडी उजवीकडे नेली, उजव्या हाताची पट्टी खाली गेली. मला वाटलं, उलट लागलंय."

त्याने वही बगलेत धरली, उजवा तळहात पुढे केला, विमानासारखा आडवा धरला. मग बोटे स्वतःकडे आणत हळूच उताणा केला. करंगळी हलवली. क्षणभरच. त्याला लागला त्याहून कमी वेळ कुणाला लागला नसता. "बरोबरच लागलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तू ट्रान्समीटरमध्ये पालटलंस."

"हो. पंखावर लिहूनही ठेवलं. टेपखाली आहे."

"काय लिहिलंस?"

"उलट होते, पालटले. आता बरोबर आहे."

तो हसेल असे मला वाटले. तो हसला असता तर मीही हसलो असतो आणि आम्ही खाली उतरलो असतो. तो माझ्या चिकटलेल्या बोटांकडे पाहत होता. "हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार." लिफ्ट कुणीतरी खालून बोलावली होती, ती हलली. "बरं, ते सोड. गाडीत मी तुला विचारलं. तेव्हा तुला आठवत होतं का, मी काय म्हणालो ते?"

इथे एक पळवाट होती, रुंद आणि प्रतिष्ठित. आठवणे म्हणजे काय, शब्द कानावर पडणे आणि ध्यानात राहणे यांत फरक असतो, इत्यादी. यावर मी तासभर बोलू शकलो असतो. "आठवत होतं," मी म्हणालो.

दादाने बगलेतली वही काढून खिशात ठेवली. त्याचे खांदे वर आले असे म्हणणे बरोबर होणार नाही, पण शर्ट त्याला पुन्हा नीट बसला. "तू आधी म्हणालास," तो बोलू लागला, मजला-मजला तपासल्याचा अहवाल वाचावा तसा, "'तुझी तपासणी होईपर्यंत हे गंजेल.' मग मी म्हणालो, उजवं खाली जातंय रे, थांब. मग तू म्हणालास, 'हो की नाही, एवढंच सांग.' मागे निळ्या टोपीवाला उभा होता, तो हसला." गंजण्याचे वाक्य मी पार विसरलो होतो. ते माझेच होते. माझ्याशिवाय कुणी फोमला गंज चढवला नसता. "उद्या मैदानावर हे तू सांगायचंस. मी नाही सांगणार. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, सगळ्यांसमोर." मी मान डोलावली. वाटले, संपले. मी दाराकडे वळलो.

"बाबांचा रेडिओ," तो म्हणाला. "तू अकरा वर्षांचा, मी पंधरा. तू मागची पट्टी उघडून सेल उलटे घातलेस. मी पाहिलं होतं. तू म्हणालास, दादा, काल तूच नाही का उघडला? इतक्या खात्रीने म्हणालास, की मी बाबांची माफी मागितली. मग मला बरीच वर्षं आठवत राहिलं, की मी तो कसा उघडला." तळमजला आला. दार उघडले. पहारेकरी आणि भाजीची पिशवी धरलेल्या बाई समोर उभ्या होत्या. बाईंच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटू लागला. "दोन मिनिटं हं," दादा त्यांना अत्यंत सौजन्याने म्हणाला आणि त्याने सातव्याचे बटण दाबले.

"तुझी वहिनी रुग्णालयातून घरी आली तेव्हा," तो म्हणाला. दार बंद झाल्यावर त्याचा आवाज बदलला नाही, वाढला नाही. "आपण निघताना डॉक्टर म्हणाले, गुरुवारी परत दाखवायला आणा. आपण दोघं उभे होतो. घरी आल्यावर मी म्हणालो, गुरुवारी न्यायचंय. तू म्हणालास, सोमवारी. मी म्हणालो, मला गुरुवार आठवतोय. तू म्हणालास, दादा, तुझं डोकं ठिकाणावर नाही सध्या, साहजिक आहे, सोमवारच म्हणाले ते. डोक्याचं खरंही होतं. आपण सोमवारी नेली. ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, गुरुवारी आणली असती तरी फरक पडला नसता. तुलाही सांगितलं त्यांनी ते. मीही म्हणत नाही की पडला असता. बावीस वर्षं मी हेच म्हणत आलोय, की ती सोमवारीच न्यायची होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं." दुसरा मजला गेला. "पण ते गुरुवार म्हणाले होते. हिरव्या रंगाचं कॅलेंडर होतं त्यांच्यामागे. त्यांनी त्यावर बोट ठेवलं होतं."

तो थांबला नाही. त्याने पुढचे घेतले, मग त्याच्या पुढचे. लग्नातला एक निरोप, एक हरवलेली सही, पुतणीच्या शाळेची एक मुलाखत. प्रत्येकाला वार, प्रत्येकाला कोण कुठे उभे होते ते. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि माझे मन, दुसरे काहीच येत नसल्यामुळे, त्याला जे येते तेच करीत होते: चूक शोधत होते. एखादी तारीख, एखादा रंग, एखादे नाव, जिथे बोट ठेवून म्हणता येईल, दादा, हे मात्र असे नव्हते. तिसरा गेला, चौथा गेला. कॅलेंडर मलाही दिसू लागले, आणि ते हिरवेच होते. सातवा मजला आला तेव्हा तो अजून बोलतच होता, आणि मला एकही चूक सापडली नव्हती.